पठ्ठा कोणाचा?

कुस्तीच्या फडात एखादा अनोळखी मल्ल लांग कसून उतरला, म्हणजे कडेला बसलेल्या जाणत्या मंडळींत पहिला प्रश्न उठतो तो त्याच्या नावाचा नव्हे. "पठ्ठा कोणाचा?" असे ते एकमेकांस विचारतात. वस्तादाचे नाव कळले, तालीम कळली, म्हणजे मग मल्लाच्या नावाची चौकशी होते. हा कोणता डाव टाकील, खालून कसा निसटेल, दम किती वेळ धरील, याचा अंदाज या मंडळींस त्या एका नावावरून बांधता येतो. पठ्ठा जिंकला तर फेट्याचा मान वस्तादालाही मिळतो. हरला तर मान खाली घालावयाची तीही त्यानेच. कोल्हापूरच्या खासबागेत ही रीत आहे, आणि आमच्या बऱ्हाणपुरातील जुन्या माणसांच्या तोंडीही हा प्रश्न अद्याप ऐकू येतो.

धावण्याच्या मैदानावर मात्र तो कोणी विचारीत नाही. चुन्याच्या रेघांमधून मुले धावतात, फीत तुटते, टाळ्या पडतात, पहिल्या तिघांची नावे पुकारली जातात आणि समारंभ पुढे सरकतो. जणू पाय हे धावावयाचे शिकूनच जन्माला येतात! कुस्ती शिकावी लागते, तबला शिकावा लागतो, गणित तर शिकावेच लागते. धावणे तेवढे उपजत, अशी आपल्या घराघरांतील समजूत आहे. दुसऱ्यास दोष कशाला द्यावा? आमच्याच वार्षिकाचे जुने अंक चाळून पाहावेत. क्रीडावृत्तात विजयी विद्यार्थ्यांची नावे आहेत, इयत्ता आहे, तुकडी आहे; त्यांस शिकविले कोणी, याचा उल्लेख शोधूनही सापडत नाही. हे अंक ज्यांनी सिद्ध केले त्यांत आम्हीही होतो.

हा विचार मनात घोळू लागला तो एका धावपटूच्या चरित्रामुळे. वाचकांस ते नाव नवे नाही. परंतु त्या चरित्राचा पूर्वार्धच आपण सारे जाणतो; उत्तरार्ध आपण वाचलेलाच नाही.

केरळात कोझिकोडे जिल्ह्यात पय्योळी म्हणून समुद्रकाठचे एक गाव आहे. त्या परिसरात २७ जून १९६४ रोजी पिलावुळ्ळकंडी तेक्केपरंबिल उषा हिचा जन्म झाला. घरची स्थिती बेताची, प्रकृती लहानपणी नाजूक. चौथीत असताना शाळेच्या व्यायामशिक्षकांनी तिला शाळेतील सर्वांत वेगवान मुलीबरोबर धावावयास लावले. ती मुलगी तीन वर्षे पुढच्या वर्गातील होती, आणि उषाने तिला मागे टाकले. त्या शिक्षकांस त्या दिवशी मुलींची शर्यत लावावीशी वाटली नसती तर पुढे काय झाले असते, याचा विचार करून पाहावा.

१९७६ साली केरळ सरकारने मुलींसाठी कण्णूर येथे क्रीडा-विभाग उघडला. राहणे, शिक्षण आणि सराव एकाच ठिकाणी, अशी ही योजना होती. तेथे प्रशिक्षक म्हणून ओ. एम. नंबियार आले होते. हे गृहस्थ वायुदलात पंधरा वर्षे नोकरी करून आलेले, स्वतः धावलेले आणि पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेत शिकवण्याचे शास्त्र शिकलेले. धावपटू म्हणून त्यांचे नाव देशाबाहेर गाजले नाही. एका बक्षीस-समारंभात त्यांनी या सडसडीत मुलीला पाहिले. तिची चालण्याची चपळ ढब त्यांच्या नजरेत भरली, असे ते पुढे सांगत. धावताना नव्हे, चालताना! जाणत्या वस्तादाची नजर म्हणतात ती हीच. मग पय्योळीच्या समुद्रकाठच्या वाळूत वर्षानुवर्षे सराव चालला. वाळूत पाय रुततो, प्रत्येक पाऊल उचलून घ्यावे लागते, पोटऱ्या भरून येतात. आणि मग कठीण जमिनीवर तेच पाय हलके होतात. उन्हाळ्यात तापीचे पात्र आटले म्हणजे वाळवंटात धावून पाहिलेल्या आमच्या मुलांस हे निराळे सांगावयास नको.

१९८० साली मॉस्कोच्या ऑलिंपिकमध्ये उषा धावल्या तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा वर्षांचे होते. तेथे पहिल्याच फेरीत त्या बाद झाल्या. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांत त्यांनी १०० आणि २०० मीटरच्या शर्यतींत रौप्यपदके मिळविली. त्यानंतर नंबियारांनी जो निर्णय घेतला, तो आम्हांस त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतील सर्वांत धाडसाचा वाटतो. सरळ धावण्यात जगातील पहिल्या आठांत येणे कठीण आहे हे त्यांनी ओळखले. ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत स्त्रियांसाठी ऑलिंपिकमध्ये १९८४ साली प्रथमच होणार होती. ती शर्यत साऱ्या जगालाच नवी. तीत एखाद्या नव्या मुलीस वाव होता. उषांना त्यांनी त्या शर्यतीकडे वळविले.

ही शर्यत आमच्यापैकी बहुतेकांनी प्रत्यक्ष पाहिलेली नसेल, म्हणून दोन शब्द अधिक लिहितो. मैदानाच्या पूर्ण एका फेरीत दहा अडथळे असतात. पहिला ४५ मीटरवर, पुढे दर ३५ मीटरला एक, आणि शेवटच्या अडथळ्यापासून अंतिम रेषा ४० मीटरवर. स्त्रियांसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे अडीच फूट. उडी मारावयाची नसते. धावता धावता अडथळा ओलांडावयाचा असतो. त्यासाठी दोन अडथळ्यांमध्ये किती पावले टाकावयाची हे ठरलेले असावे लागते. एक पाऊल कमीअधिक झाले की उलटा पाय पुढे येतो आणि लय मोडते. ही पावले मोजून, पुन्हा मोजून, अंगवळणी पाडून घेणे हे एकट्याने होणारे काम नव्हे. कोणीतरी बाजूस उभे राहून पाहिलेच पाहिजे.

८ ऑगस्ट १९८४. लॉस एंजेलिस. उपांत्य फेरीत उषा पहिल्या आल्या होत्या. अंतिम शर्यतीत त्या पिस्तुलाच्या आवाजाबरोबर उत्तम सुटल्या. परंतु दुसऱ्या एका स्पर्धकाने घाई केल्यामुळे सर्वांना परत बोलाविण्यात आले. दुसऱ्या वेळी त्यांची सुरुवात तितकी चांगली झाली नाही. तरीही शेवटच्या सरळ रेषेत त्या चढत गेल्या. मोरोक्कोची नवाल अल् मुतवक्किल ५४.६१ सेकंदांत पहिली आली, अमेरिकेची ज्यूडी ब्राऊन दुसरी. तिसऱ्या जागेसाठी छायाचित्र पाहावे लागले. रुमानियाच्या क्रिस्तिना कोजोकारूची वेळ ५५.४१, उषांची ५५.४२.

सेकंदाचा एक शतांश! आमच्या नववीतील एका मुलाने हा हिशेब फळ्यावर करून दाखविला. ४०० मीटर ५५.४२ सेकंदांत, म्हणजे सेकंदाला सव्वासात मीटरांच्या जवळपास. एका शतांश सेकंदात सव्वासात सेंटिमीटर. हाताची चार बोटे जोडून धरली असता होणारी रुंदी, बस्स! अंतिम रेषेशी छाती वेळेवर पुढे झोकली असती तर पदक मिळाले असते, असे तेव्हाही म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. परदेशी अन्न रुचेना म्हणून तेथे भाताची पेज आणि लोणचे खाऊन राहावे लागले, हेही उषांनी पुढे सांगितले आहे. देशातील सर्वोत्तम धावपटूला ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीपूर्वी पोटभर रुचेल आणि पचेल असे अन्न मिळू नये, यापरते दुसरे काय लिहावे?

पुढचा पराक्रम सर्वश्रुत आहे, तेव्हा त्यावरून आम्ही भराभर जातो. १९८५ साली जकार्ता येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पाच सुवर्ण आणि एक कांस्य. १९८६ साली सोलच्या आशियाई खेळांत चार सुवर्ण आणि एक रौप्य. 'पद्मश्री' याच काळातील. १९८८ साली टाचेच्या दुखापतीने घात केला. १९९० साली बीजिंगला तीन रौप्यपदके. १९९१ साली विवाह झाला, आणि लोकांनी मानले की आता संपले. परंतु १९९८ साली फुकुओका येथे, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, एका मुलाची आई असताना, त्यांनी २०० व ४०० मीटरमध्ये कांस्य आणि १०० मीटरच्या चौघींच्या शर्यतीत सुवर्ण मिळविले. २००० साली त्या मैदानावरून निवृत्त झाल्या.

बहुतेक चरित्रे येथे संपतात. आमच्या मते मात्र खरा धडा येथूनच सुरू होतो.

निवृत्त खेळाडूपुढे आपल्याकडे वाटा ठरलेल्या असतात. नोकरीतील बढती, सत्कार, उद्घाटने, अधूनमधून वर्तमानपत्रातील एखादी मुलाखत. उषांना रेल्वेची नोकरी होती. या वाटेने सुखाने जाता आले असते. त्यांनी २००२ साली कोयिलांडी येथे मुलींसाठी धावण्याची शाळा काढली. पुढे राज्य सरकारने किनालूर येथे जागा दिली आणि शाळा तेथे गेली. कृत्रिम धावमार्ग मात्र २०१७ सालापर्यंत तयार झाला नव्हता. पहिली पंधरा वर्षे त्यावाचून गेली. मुली बहुतांशी गरीब घरांतील. त्यांनी तेथेच राहावयाचे, शाळेत जावयाचे आणि सकाळ-संध्याकाळ सराव करावयाचा. कण्णूरला स्वतःस जे मिळाले होते, तेच त्या पुढच्या मुलींस देऊ लागल्या. त्यात एका गोष्टीची भर होती: जे स्वतःस मिळाले नव्हते, तेही.

या शाळेत आरंभीच्या काळात आलेल्या मुलींपैकी टिंटू लुका ही एक. तिचा स्वभाव लाजरा, बांधा उंच. उषा स्वतः १०० ते ४०० मीटर धावणाऱ्या. या मुलीचा कस मात्र ८०० मीटरमध्ये आहे हे त्यांनी हेरले. आपली शर्यत शिष्येवर लादली नाही, ही बाब आम्हांस फार महत्त्वाची वाटते. २०१० साली क्रोएशियातील स्प्लिट येथे टिंटूने ८०० मीटर १ मिनिट ५९.१७ सेकंदांत धावून शायनी विल्सन यांचा १९९५ सालचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ती उपांत्य फेरीपर्यंत गेली. २०१३ साली पुण्याच्या बालेवाडीत झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत चौघींच्या ४०० मीटर शर्यतीत भारताला सुवर्ण मिळाले, त्या चौघींत ती होती. त्या वेळी पुण्याला नातेवाइकांकडे गेलेल्या आमच्या काही वाचकांनी ती शर्यत कदाचित पाहिलीही असेल. २०१४ साली इंचॉनला रौप्य, २०१५ साली वुहानला सुवर्ण.

आता टीकेचेही ऐकावे. टिंटू आरंभापासून सर्वांच्या पुढे धावत सुटे आणि शेवटच्या शंभर मीटरमध्ये तिचा दम संपे. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल खेळांत अशीच पुढे राहून ती शेवटी सहावी आली. ही युक्ती चुकीची, आणि तिचा दोष प्रशिक्षिकेचा, असे जाणकार लिहीत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते असे आम्हांसही वाटते. आणखी एक गोष्ट मान्य करावयास हवी. आपल्या हातून चार बोटांनी निसटलेले ऑलिंपिक पदक आपल्या एखाद्या विद्यार्थिनीने आणावे, हे उषांचे स्वप्न होते. ते २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत पुरे झालेले नाही. पदकांच्या तराजूत घालावयाचे तर त्यांची दुसरी कारकीर्द पहिलीपेक्षा हलकी भरेल.

परंतु हा तराजूच आम्हांस मान्य नाही. धावताना उषा एक होत्या. त्यांच्याइतके वेगाने धावणारी दुसरी भारतीय मुलगी त्या काळी जवळपास नव्हती, आणि हेच त्यांचे दुर्दैव होते. सरावात आपल्याला हरवू शकेल अशी जोडीदारीणच मिळेना! एखादी उषा निपजणे हा योग असतो. दहा मुली रोज पहाटे एकमेकींस मागे टाकण्याच्या ईर्ष्येने धावत आहेत, त्यांस वेळेवर अन्न मिळत आहे, दुखावलेल्या पायास विश्रांती द्यावयाची की नाही हे ठरविणारे जाणते माणूस तेथे उभे आहे, ही गोष्ट योगाने घडत नाही. ती कोणीतरी घडवून आणावी लागते आणि वर्षानुवर्षे चालवावी लागते. तिला टाळ्या पडत नाहीत.

उत्तम खेळाडू उत्तम शिक्षक होतोच असे नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. ज्याला एखादी गोष्ट सहज येते, त्याला ती दुसऱ्यास का येत नाही हे लवकर उमगत नाही. वर्गात पहिला येणारा मुलगा शेजाऱ्यास गणित समजावू लागला म्हणजे त्याची कशी चिडचिड होते ते आम्ही नित्य पाहतो. नंबियार स्वतः जगज्जेते नव्हते, आणि त्यांच्या हातून उषा घडल्या. १९८५ साली भारत सरकारने 'द्रोणाचार्य पुरस्कार' सुरू केला तेव्हा पहिल्याच वर्षी तो त्यांस मिळाला. त्याच वर्षीचे दुसरे मानकरी मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज आणि तिसरे कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत, एक मराठी नाव! आमच्या दहावीच्या वर्गात आम्ही हे तिसरे नाव विचारले. एकासही सांगता आले नाही. खरे म्हणजे, आम्हांसही ते दोन वर्षांपूर्वी ठाऊक नव्हते.

जे नंबियारांस ठाऊक होते ते पुढच्या पिढीस देण्याचे काम उषांनी केले. आणि जे केवळ त्यांनाच ठाऊक होते, म्हणजे एक शतांश सेकंद किती लांब असतो, तेही दिले. दोन्ही कारकिर्दी मिळून हे एकच काम आहे. पहिलीत ते शिकून झाले, दुसरीत शिकवून.

महाराष्ट्राकडे पाहिले तर हीच गोष्ट निराळ्या वेषात दिसते. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत दोराबजी टाटांनी खेड्यांतून आलेले तरुण अनवाणी धावताना पाहिले. त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांच्या फार मागे नाहीत, हे पाहून ते चकित झाले. त्यातूनच १९२० साली अँटवर्पला भारतीय चमू गेला. पाय होते, छाती होती, शिकविणारा नव्हता. १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव यांच्याबद्दल मात्र सांगणारे आजही त्यांच्या वस्तादांसह सांगतात, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून त्यांच्या प्रवासाचा खर्च उभा केला, ही हकीकतही सोडीत नाहीत. त्यानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी महाराष्ट्राला बहात्तर वर्षे वाट पाहावी लागली. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य मिळविले, तेव्हा त्याची छबी घरोघरी पोचली. त्यास घडविणाऱ्या दीपाली देशपांडे या स्वतः २००४ साली अथेन्स ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या नेमबाज. त्यांची गोष्ट आमच्या किती घरांत पोचली? पुढे त्यांस २०२४ सालचा 'द्रोणाचार्य पुरस्कार' मिळाला, ही वार्ताही आतल्या पानावर आली.

येथे आमचे पालक विचारतील, आणि त्यांनी विचारावेच: "हे सारे खरे, पण पळून पोट भरते काय?" हा प्रश्न आम्ही कधीही क्षुद्र मानलेला नाही. यंत्रमागावर दोन पाळ्या करून किंवा केळीच्या बागेत राबून जो बाप मुलीच्या वह्या आणतो, त्याने हा प्रश्न विचारला नाही तर कोणी विचारावा? धावपटूस रेल्वेत, पोलिसांत, सैन्यात जागा मिळतात. परंतु त्या मोजक्या, आणि त्या मिळण्याइतके वेगवान धावणारे त्याहून मोजके. अशा वेळी शिकविणे ही धावपटूची दुसरी विद्या उपयोगी पडते, आणि ती मिळविण्याची सोय आपल्या अंगणात आहे हे फार थोड्यांस ठाऊक असते. आपल्याच मध्यप्रदेशात ग्वाल्हेरला १९५७ साली, सत्तावनच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या शताब्दीनिमित्त, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू झाले. आज त्यास विद्यापीठाचा दर्जा आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हेच काम करीत आले आहे. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ सालची, नंबियार तेथलेच. आमच्या मुलांस अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांची नावे तोंडपाठ असतात. ही तीन नावे त्यांच्या कानांवर घालावयास कोणाची हरकत असावी?

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक अवघड होतो. आठवीपर्यंत मुली मैदानावर दिसतात. नववीत त्यांची संख्या निम्मी होते. दहावीचे वर्ष आले की घरून निरोप येतो, "यंदा बोर्ड आहे, खेळ नको." व्यायामाचा तास गणिताने घ्यावयाचा, हा प्रघात तर सार्वत्रिक आहे, गणिताचा तास व्यायामाने घेतल्याचे एकही उदाहरण आमच्या ऐकिवात नाही! दहावीनंतर मैदान परत मिळत नाही. मग ती मुलगी धावत होती हे तिच्या घरातही विसरले जाते. वेग गेला याची हळहळ वाटते. परंतु त्याहून मोठी हानी अशी की, तिने दहा वर्षांत पायांनी मिळविलेली समजूत कोणाच्याही उपयोगी न पडता तशीच राहते. सुटताना पुढचा पाय कोणता ठेवावा, वळणावर अंग किती आत झुकवावे, पोटात कळ आली तर श्वास कसा घ्यावा, या गोष्टी पुस्तकात वाचून येत नाहीत. आणि पुढच्या मुलीस त्या पुन्हा आरंभापासून शोधाव्या लागतात.

बऱ्हाणपुरास येणाऱ्या पाहुण्यांस आपण कुंडी भंडारा दाखवावयास नेतो. १६१५ सालच्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानांच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारे पाणी भूमिगत भुयारातून शहरापर्यंत आणले गेले. वर शंभराच्या घरात कुंड्या आहेत. खाली त्या सर्व एकमेकींस जोडलेल्या आहेत. पाणी स्वतःच्या ओढीने एकीतून दुसरीकडे वाहत येते. यांतील कोणतीही एक कुंडी वरून पाहिली तर ती साधी विहीरच वाटते. नंबियार, उषा, टिंटू ही नावे लिहिताना आम्हांस वारंवार या कुंड्यांची आठवण होत होती. भुयार एका जागी बुजले की पुढच्या साऱ्या कुंड्या कोरड्या पडतात, हे आपल्या शहराला वेगळे समजावून सांगावे लागू नये.

उषा पुढे राज्यसभेत गेल्या आणि भारतीय ऑलिंपिक संघाच्या अध्यक्षपदी निवडून आलेल्या पहिल्या महिला ठरल्या; दोन्ही गोष्टी २०२२ सालच्या. त्या पदांची थोरवी आम्ही कमी लेखीत नाही. तथापि कोयिलांडीच्या मैदानावर हातात घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या उषा आम्हांस अधिक जवळच्या वाटतात. तसे उभे राहणे आमच्यापैकी कोणालाही शक्य आहे. फक्त रोज पहाटे उठावे लागेल.

या वर्षी आम्ही एक लहानसा बदल केला आहे. अंकाच्या शेवटी क्रीडावृत्तात विजयी विद्यार्थ्यांच्या नावापुढे 'मार्गदर्शक' असा एक नवा रकाना घातला. तो भरण्यासाठी मुलांस एकेक करून विचारले. बहुतेकांनी आमच्या व्यायामशिक्षकांचे नाव सांगितले, आणि ते योग्यच होते. दोघांनी आखाड्यातील वस्तादांचे नाव सांगितले. मुलींच्या २०० मीटरमध्ये पहिली आलेली आठवीतील मुलगी मात्र बराच वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, "मला ताई शिकवते."

चौकशी केली. ही ताई आमच्याच शाळेची जुनी विद्यार्थिनी. तीही धावत असे. दहावीच्या वर्षी तिचे मैदान सुटले ते सुटलेच. आता ती एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहिते. दुकान उघडण्यापूर्वी, दिवस उजाडता उजाडता, ती धाकट्या बहिणीला आणि शेजारच्या दोन मुलींना घेऊन तापीच्या वाळवंटात जाते. भ्रमणध्वनीतील घड्याळावर वेळ मोजते आणि जुन्या वहीत लिहून ठेवते. ती वही आम्ही पाहिली. गेल्या दिवाळीपासूनची प्रत्येक दिवसाची वेळ तीत आहे. पावसाचे दिवसही निराळ्या शाईने दाखविले आहेत.

नाव छापावयाचे आहे असे म्हणताच ती संकोचली. "माझे कशाला? मी कुठे शिक्षिका आहे?" असे म्हणाली. धाकटीने तिच्याकडे पाहिले, मग आमच्याकडे.

नाव आम्ही छापले आहे.